दिवसाला किती वाइनरी?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र, दोघांचीही पन्नाशी उलटलेली. सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या सांता इनेझ खोऱ्यात भाड्याची गाडी घेऊन दोन दिवस फिरणार आहोत. गाडी आळीपाळीने चालवू. दिवसाला चार-पाच वाइनरी होतील का? विकत घेतलेल्या बाटल्या गाडीत राहतील का?

उत्तर : चार-पाच नकोत, दोनच करा. चाखायला एका वेळी साधारण ३० मि.ली. ओततात. सहा वाइन झाल्या की १८० मि.ली., म्हणजे भरलेल्या ग्लासाहून जास्तच पोटात गेलेली असते, आणि तिथल्या पिनो न्वार या लाल वाइनमध्ये अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असतं. आळीपाळी दिवसाची ठेवा, तासांची नको. ज्याच्या हाती गाडी, त्याने घोट तोंडात घोळवून काउंटरवरच्या भांड्यात थुंकायचा. तिथे यात कुणालाच वावगं वाटत नाही, वाइन बनवणारेही असंच चाखतात. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. पण त्याखाली असूनही गाडीवर ताबा नसेल तर गुन्हा लागतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर, उपाशीपोटी प्यायल्यास साखर एकदम उतरते.

पहिल्या सकाळी पश्चिमेकडून, लोम्पोकच्या बाजूने निघा आणि जाकीट जवळ ठेवा. इथले डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत, त्यामुळे समुद्राचं धुकं आणि गार वारा न अडता थेट आत शिरतो. म्हणूनच पश्चिमेकडच्या सांता रीटा हिल्समध्ये पिनो न्वार आणि पांढऱ्या वाइनची शार्डोने ही द्राक्षं चांगली पिकतात. पूर्वेला सरकाल तसं ऊन तापतं : बॅलार्ड कॅन्यनमध्ये सिरा, पुढे हॅपी कॅन्यनमध्ये कॅबरने, दोन्ही भारी लाल वाइनची द्राक्षं. हलकी आधी, भारी नंतर, हा क्रमही त्यात आपसूक साधतो. दुसरा दिवस लॉस ऑलिव्होस या गावाला द्या. तिथल्या टेस्टिंग रूम चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, गाडी लावून मोकळे व्हा.

बाटल्यांचं मात्र मनावर घ्या. उन्हात बंद गाडी तासाभरात ४५ अंशांवर जाते. आतली वाइन फुगते, बूच वर सरकतं, बाजूने ओघळ येतो आणि चव शिजवलेल्या फळासारखी होते. बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मल पेटी डिकीत ठेवा आणि मुक्कामी पोचताच बाटल्या खोलीत न्या. अर्धी उरलेली बाटली बूच लावूनही गाडीत सीटपाशी ठेवायची नाही. कायद्याने ती डिकीतच हवी, डॅशबोर्डचा कप्पासुद्धा चालत नाही.