जबड्यात जायंट सेल आल्या? आधी रक्त तपास

पेशंटच्या जबड्यातल्या गाठीच्या बायोप्सीत जायंट सेल (अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी) आल्यात, आता गाठ खरवडून काढू का, असं विचारलंयस. थांब. आणि विचारलंस हे फार बरं केलंस.

हा 'ब्राऊन ट्यूमर' असू शकतो, आणि तो नावापुरताच ट्यूमर. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड हार्मोन) सोडतात, हाड झिजतं, तिथे रक्त साकळतं आणि त्यातल्या लोहामुळे तपकिरी रंग येतो. स्लाइडवर तो सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमासारखाच (जबड्याच्या हाडातली, या ग्रंथींशी संबंध नसलेली गाठ) दिसतो, त्यामुळे नुसती बायोप्सी पाहून अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही फरक सांगता येत नाही. तो रक्ताच्या रिपोर्टमधून कळतो.

सध्या एवढंच कर:
- कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व एकदमच तपासायला पाठव.
- मुतखडा, हाडं दुखणं, डायलिसिस, सगळं नीट विचार.
- एक्स-रेत दातांभोवतीची लॅमिना ड्यूरा (मुळांभोवती दिसणारी हाडाची पांढरी रेघ) पुसट झालीय का बघ.

नवीन डॉक्टर हमखास चुकतात ते इथे: कॅल्शियम नॉर्मल आलं की विषय संपला समजतात. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं, आणि आपल्याकडे ही कमतरता किती आहे ते तू रोज बघतोसच. मूत्रपिंड निकामी झालेल्या पेशंटमध्येही तसंच होतं.

दुसरी चूक म्हणजे हलणारे दात घाईने काढणं. वाढलेल्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं की जबड्याचं हाड पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरू लागतं.

ग्रंथीचा स्कॅन, जनुकीय तपासण्या वगैरे एंडोक्रायनॉलॉजिस्ट ठरवतील. तू आजच पीटीएच पाठव.