२१ फुटी शिडाच्या बोटीला टिलर ऑटोपायलट पुण्यात घरीच बसवता येईल का?

तुमची बोट बाणेरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलरवर उभी आहे, पावसाळा संपला की ती अलिबागजवळच्या थळला नेऊन एकट्याने चालवायची आहे, आणि टिलर (सुकाणू वळवायचा लांब दांडा) आपोआप हलवून बोटीची दिशा धरणारा रेमरीनचा एसटी १००० प्लस हा पायलट आणून ठेवला आहे. तो इथेच बसवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. मी तर म्हणेन, इथेच बसवा. ड्रिलचं एक बिट विसरलं म्हणून किनाऱ्यावर अख्खा शनिवार जातो. इथे काही लागलंच तर हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी आहे.

सगळं काम दोन मापांवर उभं आहे. सुकाणूच्या फिरण्याच्या आसापासून टिलरवरच्या पिनपर्यंत (जिला पायलटचा सरकता दांडा अडकतो) ४६० मिलिमीटर, आणि त्या पिनपासून बाकावरच्या सॉकेटपर्यंत (ज्यात पायलटचं दुसरं टोक बसतं) ५८९ मिलिमीटर. दुसरं माप पायलटचा दांडा अर्धा बाहेर असताना, सुकाणू अगदी मध्यावर ठेवून, टिलरशी काटकोनात घ्यायचं. पायलट आडवाही सपाट बसला पाहिजे. टिलर बाकापेक्षा उंच असेल तर पिनसाठी खाली उतरणारा ब्रॅकेट लावा किंवा सॉकेटखाली ठोकळा द्या.

पहिलं माप मी चुकवलं होतं. माझ्या बोटीचं सुकाणू मागच्या फळीवर बिजागरांनी टांगलेलं आहे. मी टेप धरली टिलरच्या मागच्या टोकापासून, आणि आस तर बिजागरांच्या रेषेत, ७ सेंटिमीटर पुढे. म्हणजे पिन आसापासून ३९ सेंटिमीटरवरच बसली. दांडा तेवढाच सरकायचा, पण सुकाणू जास्त वळायचं आणि मोटरवर जोरही जास्त यायचा. थळहून समोरच्या खांदेरी बेटाकडे निघालो आणि मागे वळून पाहिलं, तर पाण्यावर सापाची वाट उमटलेली. पायलट डावीकडे जास्त वळवायचा, मग ते सुधारायला उजवीकडे जास्त. गेन (दिशा सुधारायला सुकाणू किती वळवायचं, ती सेटिंग) कमी करून थोडं निभावलं, पण शेवटी टिलर सोडवून पुण्याला आणला, भोक बुजवलं आणि नवं पाडलं. तुम्ही आधी ५८९ मिलिमीटरहून थोडी लांब लाकडी पट्टी कापा, दोन्ही टोकांना बरोबर ५८९ मिलिमीटर अंतरावर खिळे ठोका आणि तीच पायलट समजून जागेवर धरून बघा. बसायला जागा उरते का, शिडाच्या दोऱ्या त्यात अडकतात का, हे सगळं त्या पट्टीवरच कळतं. भोक त्यानंतर.

बाकाचं फायबर बहुतेक वेळा प्लायवूडच्या गाभ्यावर असतं. त्यात थेट भोक पाडून सॉकेट ठोकलं तर पाणी आत मुरतं आणि दोन-तीन वर्षांत गाभा कुजतो. मोठं भोक पाडा, ते इपॉक्सीने भरा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्या इपॉक्सीत सॉकेटच्या मापाचं भोक घ्या. खालून मरीन प्लायचा तुकडा चिकटवा. हे काम घाईने करू नका.

वायर बॅटरीच्या पॅनलपासून थेट आणा, फ्यूज घालून. गाडीतल्या सिगारेट लायटरसारखं सॉकेट नको. खारट हवेत ते दगा देतं. खप सरासरी अर्धा ते दीड अँपिअर धरा, म्हणजे ८ तासांच्या प्रवासाला ४ ते १२ अँपिअर-तास.

दिशेची खात्री पार्किंगमध्येच होते. पायलट उजव्या बाजूला बसवला असेल तर अधिक १० (बोट १० अंश उजवीकडे वळवणारं बटण) दाबल्यावर दांड्याने टिलर डावीकडे ढकलला पाहिजे. उलटं होत असेल तर सेटिंगमध्ये बसवण्याची बाजू बदला. होकायंत्रावर मात्र तिथे अजिबात विश्वास ठेवू नका. ते पायलटच्या पोटातच असतं, आणि स्लॅबमधल्या सळया, शेजारच्या गाड्या, ट्रेलर, सगळं त्याला ओढतं. त्याची तपासणी पाण्यावरच. बोटीवरही स्पीकर किंवा लोखंडी अवजारांची पेटी त्याच्याजवळ ठेवू नका.

एवढं झाल्यावर खरी गोष्ट शिडांची. हा पायलट नाकाची दिशा धरतो. त्याला वारा दिसत नाही आणि ओहोटीचा ओढाही कळत नाही. थळ-खांदेरीच्या मधल्या पाण्यात नाक खांदेरीकडेच राहतं आणि बोट मात्र आडवी वाहत जाते, म्हणून किनाऱ्याच्या खुणा बघत राहा. पायलट लावण्याआधी टिलर दोन बोटांत धरा. सतत ओढावा लागत असेल तर मोठं शीड सैल करा किंवा लवकर आखूड करा. हातालाच झगडावं लागत असेल तर मोटरही झगडेल, आणि बॅटरी दुपारीच बसेल.

कोळ्यांच्या डोलजाळ्यांचे तरंगते बोये, झेंड्या लावलेले थर्माकोलचे तुकडे यातलं काहीही पायलटला दिसत नाही. चहा करायला खाली गेलात तरी दर दोन-चार मिनिटांनी डोकं वर काढा. आणि एकटे असाल तर लाइफजॅकेटसोबत छातीवर बांधलेल्या हार्नेसचा पट्टा बोटीला अडकवूनच ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही पाण्यात पडलात तर पायलट थांबणार नाही; बोट त्याच दिशेने तुमच्यापासून लांब जात राहील.

निघण्याआधी ट्रेलरवरच एक सराव करा. नजर समोर ठेवून, एका हाताने पायलट पिनवरून उचलायचा आणि दुसऱ्या हाताने टिलर धरायचा. न बघता जमेपर्यंत, वीस वेळा तरी.