थेरपिस्ट दर सेशनला तीच प्रश्नावली का भरून घेतात?

कारण नुसत्या अंदाजावर भिस्त ठेवली, तर मनाची अवस्था बिघडत चाललेली माणसं अनुभवी थेरपिस्टच्याही नजरेतून सुटतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, की थेरपी संपेपर्यंत कोणाची अवस्था आणखी खालावेल? साडेपाचशे जणांपैकी त्यांनी फक्त तिघांबद्दल तसं सांगितलं. प्रत्यक्षात ४० जण खालावले. ओक्यू-४५ या ४५ प्रश्नांच्या प्रश्नावलीच्या गुणांवरून मात्र त्यातल्या बहुतेकांचा इशारा आधीच मिळत होता. मानसशास्त्रज्ञ मायकेल लँबर्ट यांच्या गटाचं हे काम. गाडी रुळावरून घसरत असलेल्यांनाच अशा नोंदींचा सर्वाधिक फायदा होतो, असं त्यांना दिसलं.

तुम्ही भरता ती नऊ प्रश्नांची असेल तर बहुधा पीएचक्यू-९. मागच्या दोन आठवड्यांतली नैराश्याची लक्षणं, गुण ० ते २७; जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. एक-दोन गुण इकडेतिकडे झाले तर काळजी नको. पाचेक गुणांचा फरक खरा मानतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तर दर सेशनला असं मोजतात.

पण फॉर्म फाइलीत पडून राहिला तर उपयोग शून्य! गुणांचा आलेख दाखवा म्हणून हक्काने सांगा. थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून कमी गुण देऊ नका. काही सेशन्सनंतरही आकडा हलत नसेल तर पद्धत बदलायची का, औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं का, हे विचारा. आणि नवव्या प्रश्नाचं, म्हणजे जीव नकोसा वाटण्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काही असेल, तर ते कागदावर न ठेवता लगेच तोंडी सांगा.