‘प्रोजेक्ट हेल मेरी’ संपली, आता परग्रहवासीयांवरची कुठली कादंबरी वाचू?

दोन रात्रींत संपवलीत म्हणता, म्हणजे त्यातला परग्रहवासी रॉकी आवडलेला दिसतोय. कोणाला आवडत नाही! पण तो फारच गुणी पाहुणा आहे हो. गणित येतं, जीव लावतो. मी अगदी उलट पुस्तकं सुचवतो, ज्यांतले परके आपल्याला खिजगणतीतही धरत नाहीत.

आधी स्त्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ (१९७२). परग्रहावरचे कुणीतरी येऊन गेले, आपल्याशी चकार शब्द बोलले नाहीत. सहलीला आलेली मंडळी रस्त्याकडेला तेल, जुने स्पार्क प्लग, खाल्लेली सफरचंदं टाकून जातात, तसं काहीबाही मागे राहिलंय. आपण म्हणजे नंतर झाडीतून बाहेर येऊन ते हुंगणारे प्राणी. हा कचरा चोरून विकणारा रेड ‘झोन’मध्ये, म्हणजे तो पडलेल्या भागात, शिरतो, तेव्हा पाऊल टाकण्याआधी पुढे लोखंडी नट फेकतो. नट सरळ गेला तर वाट बरी. मध्येच कुणी खेचल्यासारखा खाली आदळला, तर तिथे गुरुत्वाकर्षणाचा सापळा. एवढं मोठं गूढ, आणि त्याच्यापाशी हत्यार काय, तर मूठभर नट! ओलेना बोर्माशेन्कोचा २०१२चा इंग्रजी अनुवाद घ्या.

मग स्तानिस्लाव लेमची ‘सोलारिस’ (१९६१). इथे अख्खा ग्रह व्यापणारा समुद्रच जिवंत आहे. त्याच्यावर ग्रंथालयं भरतील इतकं लिहून झालंय, पण कळलेलं जवळपास शून्य. मी आधी जुना अनुवाद घेतला आणि निम्म्यातच सोडला. तो फ्रेंचवरून इंग्रजीत आलेला, म्हणजे दोनदा गाळलेला चहा. बिल जॉन्स्टनने थेट पोलिशवरून केलेला वाचला तेव्हा कुठे पुस्तक उलगडलं. मधली शास्त्रीय पानं कंटाळवाणी वाटतील. गाळू नका, खरी गंमत तिथेच आहे.

वेगवान काही हवं असेल तर आर्थर सी. क्लार्कची ‘राँदेव्हू विथ रामा’. पुढचे भाग नाही वाचलेत तरी चालेल.

फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’मधला (१९५७) सजीव ढग निदान बोलतो तरी, पण घन ग्रहावर बुद्धिमान जीव असू शकतात याचंच त्याला नवल वाटतं! हे हॉईल म्हणजे केंब्रिजमधले जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक. तेव्हा मराठीत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ घ्या. तिच्यात जमिनीखाली दुसऱ्याच कुणीतरी ठेवून गेलेलं काहीतरी सापडतं आणि आपली माणसं ते उत्साहाने उघडून बसतात. रेडने आधी एक नट फेकून पाहिला असता.