पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकात २०१९ मध्ये घेतलेला बी ४५० मदरबोर्ड आणि रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर होता. मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी गेल्या आठवड्यात मी स्वतःच रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर बसवला आणि ८ जीबीची आणखी एक रॅम लावली. आता बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर काहीच उमटत नाही. मदरबोर्ड जळाला असावा, असे दुकानदारांचे मत आहे. जुना प्रोसेसर जपून ठेवला आहे. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नवा मदरबोर्ड घेण्याची घाई कृपया करू नका. आपण दिलेल्या वर्णनावरून बोर्ड जळाल्याची शक्यता मला कमी वाटते. येथे दोन निरनिराळ्या अडचणी एकाच वेळी उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांतील एक दूर केली, तरी दुसरीमुळे पडदा काळाच राहणार आहे.

पहिली अडचण बायोसची आहे. विंडोज सुरू होण्यापूर्वी प्रोसेसर आणि रॅम ओळखून त्यांना कामाला लावणारी ही प्रणाली बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते. आपला बोर्ड २०१९ मधला, तर ५६०० हा प्रोसेसर २०२२ मध्ये बाजारात आला. दोन्हींचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा, एएम४ याच प्रकारचे असल्यामुळे तो बसतो खरा, परंतु बायोस अद्ययावत केलेले नसेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही.

दुसरी अडचण अनेकांच्या लक्षातच येत नाही. २२००जी मधील ‘जी’ हे अक्षर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याची, सोय असल्याचे दर्शवते. ५६०० मध्ये ती सोय नाही. त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याखेरीज बोर्डावरच्या एचडीएमआय जोडणीतून चित्र कधीच येणार नाही. कार्डाचा खर्च नको असेल आणि दुकानदार बदलून देत असतील, तर ५६००जी घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन; अभ्यासाच्या बहुतेक कामांना तो पुरेसा आहे.

आता प्रथम जुना प्रोसेसर आणि फक्त जुनी रॅम परत बसवा. हे करताना कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा पंखा, सरळ वर ओढू नका, कारण दोघांमध्ये लावलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक दहा मिनिटे चालू ठेवून पेस्ट थोडी ऊबदार होऊ द्या, मग वीज पूर्ण तोडून कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सैल करा. परत बसवताना पेस्ट नवी लावा. एवढे करूनही पडदा उजळला नाही, तर प्रोसेसरला वीज पुरवणारी ८ पिनांची केबल नीट बसली आहे का आणि एखादी पिन वाकली आहे का, हे पाहा.

पडदा उजळला, तर बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या आपल्याच मॉडेलचे, नव्या प्रोसेसरला चालणारे बायोस उतरवून एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या. आधी मधली एखादी आवृत्ती टाकावी लागते का, हे तेथील सूचनांत वाचा. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करा.

जुना प्रोसेसर चालू आहे तोवरच आणखी एक काम उरकून घ्या : विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड अनेकदा एफटीपीएम, म्हणजे अशा कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधली सोय, नव्याने सुरू करायचे का, असे विचारतो. होकारासाठी ‘वाय’ (Y) ही कळ दाबल्यावर ही की हाताशी नसेल, तर डिस्कवरची सारी माहिती कुलूपबंद होऊन बसते. मुलीचे प्रकल्प त्याच डिस्कवर असतील, म्हणून हे विशेष काळजीने सांगत आहे.

मग नवा प्रोसेसर बसवा. ५६०० च ठेवणार असाल तर कार्डही लावा आणि मॉनिटरची केबल त्या कार्डालाच जोडा. पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवाजुळव चालते, त्यामुळे काही मिनिटे थांबा. सारे सुरळीत झाल्यावरच दुसरी रॅम लावा. बोर्डावर रॅमसाठी चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरा. ती लावल्यावरच पडदा पुन्हा काळा झाला, तर दोष बहुधा त्या रॅममध्ये आहे आणि ती दुकानातून बदलून घेता येईल.