हार्नेस दिसला की भुऱ्या पलंगाखाली

प्रश्न : आमच्याकडे भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे, वय साधारण 2 वर्षं. फिरायला नेलं की गळपट्ट्याला ओढ देतो आणि खोकत सुटतो, म्हणून मुलाने हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, आणला. पहिल्या दिवशी मी भुऱ्याला धरलं आणि मुलाने तो त्याच्या डोक्यातून घातला. भुऱ्या जागच्या जागी थिजला, मग भिंतीला अंग घासत राहिला. आता खुंटीवरचा हार्नेस नुसता हलला तरी तो पलंगाखाली जाऊन बसतो. घरातले म्हणतात, रोज धरून घाला, आठ दिवसांत होईल सवय. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, धरून घालू नका. आठ दिवसांनी भुऱ्या कदाचित धडपड थांबवेलही आणि घरच्यांना वाटेल, झाली सवय. पण त्या वेळी त्याच्याकडे नीट बघा. कान मागे पडलेले, शेपटी पायांत, झोप आलेली नसताना जांभया, जीभ सारखी नाकावरून फिरतेय. ही सवय नव्हे. आपलं कुणी ऐकत नाही एवढंच त्याला कळलेलं असतं.

हे मी माझ्या चिंगीकडून शिकले. तिला पहिल्यांदा हार्नेस घालताना मी घाईत होते. बकल लावलं आणि काखेजवळची कातडी त्यात चिमटली. ती ओरडली नाही, चावली नाही. मान वळवून फक्त माझ्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून माझा उजवा हात पुढे आला की ती एक पाऊल मागे सरकायची. पट्टा नसलेल्या हातालाही घाबरायची. तो हात तिला पुन्हा आपला वाटायला 3 आठवडे लागले.

आधी भुऱ्याचे कान बघा. आत लाली, वास किंवा काळपट मळ दिसला, किंवा तो सारखी मान झटकत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा. दुखऱ्या कानांवरून पट्टा सरकवला तर कितीही खाऊ दिला तरी उपयोग नाही. मानेला, खांद्याला हात लावल्यावर अंग चोरत असेल तरीही तेच. आणि खोकल्याचंही त्याच वेळी विचारून घ्या. ओढ नसतानाही खोकत असेल तर कारण गळपट्टा नसेल.

मग हार्नेस बघा. गावठी कुत्र्याची छाती खोल, कंबर बारीक. त्यामुळे नुसत्या वजनावरून घेतलेला हार्नेस बऱ्याचदा काखेत रुततो, नाहीतर सैल राहतो. पुढच्या पायांच्या मागे, छाती सगळ्यात रुंद असते तिथे टेप लावून माप घ्या. पट्ट्याखाली 2 बोटं सहज गेली पाहिजेत, जास्त नकोत. पुढचा पट्टा खांद्यांवर आडवा येत असेल तर पाय मोकळा पडत नाही. छातीच्या मधोमध उभा उतरणारा, पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा चांगला. भुऱ्यासाठी मी तर मानेजवळही बकल उघडणारा घ्या म्हणेन, म्हणजे डोक्यावरून काही ओढायलाच नको. रंगही वेगळा घ्या. जुन्या हार्नेसची आठवण त्याच्या मनात पक्की बसली आहे. ती पुसत बसण्यापेक्षा नव्या वस्तूपासून सुरुवात करणं त्याला सोपं जाईल.

आता शिकवणं. यात क्रम फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक घरांत उलटा होतो. आपण आधी खाऊ दाखवून कुत्र्याला बोलावतो, तो आला की मागे लपवलेला हार्नेस काढतो. चार वेळा असं झालं की खाऊ दिसताच तो पळू लागतो. म्हणून आधी हार्नेस दिसू दे, मग खाऊ. हार्नेस आत ठेवला की खाऊही बंद. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. मीठमसाला नको, आणि कांदा-लसूण घातलेल्या भाजीतला तुकडा तर मुळीच नको.

पहिले काही दिवस हार्नेस त्याच्यापासून लांब, जमिनीवर ठेवा. त्याने नुसतं बघितलं तरी तुकडा द्या. 2-3 मिनिटं पुरे, दिवसातून तीनदा. अंतर तुम्ही कमी करू नका, त्याला करू द्या. तो स्वतःहून येऊन हुंगायला लागला की हार्नेसचा मानेकडचा पट्टा गोल धरा आणि तुकडा त्याच्या पलीकडून द्या. हात स्थिर ठेवा, भुऱ्याने नाक आत घालायचं. त्याने मान मागे घेतली तर घेऊ द्या, मागे हात नेऊ नका. मागे जाता येतं हे कळलं की तो पुढे यायला धजावतो.

बकलच्या 'टक' आवाजाची ओळख वेगळी करून द्या. तो दूर असताना बकल फडक्यात गुंडाळून लावा, की लगेच तुकडा. पुढे फडकं काढा. अंगावर बकल लावताना आपलं बोट पट्टा आणि कातडी यांच्या मध्ये ठेवा. चिंगीनंतर मी हे एकदाही विसरलेले नाही.

मग घरातच, जेवणाच्या वेळी हार्नेस घाला आणि ताट रिकामं झालं की काढा. मोकळा चालायला लागला, अंग झटकून शेपटी वर आली, तर दोरी लावून अंगणात एक फेरी मारा. त्याला किती दिवस लागतील ते भुऱ्या ठरवेल. एखाद्या दिवशी मागे गेला तर आदल्या दिवशीच्या पायरीवर या.

रस्त्यावर सुरुवातीला दोरीचा एक हुक हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला, असं दोन्हीकडे लावा. फटाका वाजला की अशी बारीक अंगाची कुत्री मागे सरकून हार्नेसमधून सुटतात. पावसाळ्यात भिजलेला पट्टा अंगावर ठेवू नका, काखेत कातडी सोलते. घरी आल्यावर काढा, काख कोरडी करा, गोचीड आहे का तेही बघा.

हे सगळं होईपर्यंत त्याचं फिरणं बंद करू नका. रुंद गळपट्टा आणि लांब दोरी घेऊन, गर्दी नसेल त्या वेळी न्या. आणि तो पलंगाखाली गेला तर ओढून बाहेर काढू नका. तिथे त्याला कुणीही हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.