फ्रेंच साइड टेबलावर इंग्लंडच्या वेजवुड या मातीकामाच्या कारखान्याच्या शोभेच्या चकत्या कशा? टेबल बनावट तर नसेल?

तुम्ही लिहिलंय की ल्योंच्या जुन्या बाजारात हे टेबल दिसलं, विक्रेता राजा लुई सोळाव्याच्या काळातलं, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरचं म्हणतो, पण एक सैल चकती काढली तर मागे वेजवुडचा ठसा! आणि नवऱ्याने "फसवतायत" म्हणून तुम्हाला दुकानातून ओढून आणलं.

नुसत्या त्या ठशामुळे टेबल सोडू नका. मी लंडनमध्ये जुनं फर्निचर दुरुस्त करतो. फ्रेंच लाकूड आणि इंग्लिश माती यांची सोयरीक त्या काळी उघडपणे होत होती. आधी पॅरिसमध्ये सेव्र या फ्रेंच कारखान्याच्या फुलं रंगवलेल्या, चकचकीत पोर्सिलेनच्या चकत्या टेबलांत बसवायची चाल होती. मग ग्रीक-रोमन गोष्टींचं वेड लागलं. जोसाया वेजवुडनं 1770 च्या दशकात स्टॅफर्डशायरमध्ये जॅस्पर नावाचं भाजलेल्या मातीचं काम तयार केलं होतं: झिलई नाही, निळी जमीन, वर वेगळ्या साच्यातून काढून चिकटवलेल्या पांढऱ्या आकृत्या. 1786 च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारकराराने अशा मालावरची जकात 12 टक्क्यांवर आली आणि वाट मोकळी झाली. दोमिनिक दागेरसारखे पॅरिसचे बडे व्यापारी चकत्या पुरवायचे, आदम वाइसवाइलरसारखे कारागीर टेबल बनवायचे. (वाइसवाइलर जन्माने जर्मन, म्हणजे 'फ्रेंच' टेबलात फ्रेंच किती तेही बघा!) पुढे सेव्रनेच निळ्या-पांढऱ्या नकला काढल्या.

आता शंका घ्यायची ती दुसरीकडे. एकोणिसाव्या शतकात याच धाटणीची टेबलं पुन्हा भरपूर बनली. ठशाखाली 'इंग्लंड' असेल तर चकती 1891 च्या आधीची धरू नका. नसेल तर ती 1785 ची असेल किंवा 1860 चीही. नावाच्या स्पेलिंगमध्ये जी नंतर जास्तीचा ई दिसला तर तो कारखानाच वेगळा.

चकतीपेक्षा मी तिच्या खाचेकडे बघेन. खाच चकतीच्या मापाची हवी. आत बुजवलेली खिळ्यांची भोकं किंवा वेगळ्या आकाराची फिकट सावली दिसली, तर तिथे आधी दुसरंच काही होतं. मग टॉर्च घेऊन टेबलाखाली वाका. कारागिराच्या नावाशेजारी 'जेएमई' हा पॅरिसच्या सुतारसंघाचा शिक्का असू शकतो. संघ 1791 मध्ये बंद झाला. पण शिक्का नंतरही मारता येतो, म्हणून एवढ्यावर भाळू नका. कडेला व्हीनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) सुटलं असेल तर जाडी बघा. हाताने करवतलेलं दीड-दोन मिलिमीटर भरतं, कागदासारखं पातळ असेल तर यंत्राचं.

घेतलंत तर चकतीभोवतीच्या सोनेरी धातूच्या चौकटीला पितळ घासायचं पॉलिश लावू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी ते करून सोन्याच्या मुलाम्याचा एक कोपरा घालवून बसलोय. आणि ती सैल चकती फेविक्विकने तर अजिबात चिकटवू नका. खाचेचा आणि ठशाचा जवळून फोटो टाका, बघून सांगतो.